सावित्रीकाठची क्रांतिभूमी आणि आषाढातले पाणी

महाड म्हटले की आपल्या माणसाच्या डोळ्यांपुढे पाणीच उभे राहते. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी ज्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते पाणी. त्या तळ्याच्या पायरीवर उभे राहून मुलांना इतिहास सांगताना आमचा कंठ आजही दाटून येतो. परंतु याच महाडात दुसरेही एक पाणी आहे. ते आषाढात सावित्री नदीतून येते, बाजारपेठेत शिरते, वाड्यावस्त्यांत शिरते आणि माणसांना घराच्या माळ्यावर चढवून बसवते. पुराचे पाणी जात विचारत नाही, असे आपण भाषणातून नेहमी म्हणतो. म्हणायला ते ठीक आहे. पण पाणी वाढू लागल्यावर कोणी कोणाच्या दारात जायचे, हा प्रश्न मात्र अजून जात विचारतो, आणि त्या विचारात जो अर्धा तास जातो तो जीव घेणारा असतो. म्हणून यावेळी महाडविषयी थोडे वेगळे लिहावे असे वाटले.

आमच्या वस्तीतील माणसे दरवर्षी सत्याग्रहाच्या दिवशी महाडला जातात. २०२१ च्या ऑगस्टमध्ये मात्र आम्ही वेगळ्याच कारणाने गेलो होतो. जुलैच्या पुरानंतर चटया, चादरी, डाळ-तांदूळ, फिनेल, खराटे असे सामान गोळा करून आम्ही टेंपो नेला होता. तेव्हा ज्या बौद्धवाडीत सामान वाटले, तेथील लोकांशी संबंध राहिला. त्यानंतरच्या एका मार्चमध्ये तळ्यावर अभिवादन करून आम्ही दोन दिवस त्या वाडीत मुक्काम केला. वाडीचे नाव येथे देत नाही, कारण तेथील मंडळींनीच तशी विनंती केली आहे.

मुंबईहून निघालेली गाडी पनवेल, पेण, नागोठणे, माणगाव करीत लोणेऱ्याला येते. तेथे बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. गाडीतले जयभीमचे नारे तेथे हमखास वाढतात. त्यानंतर महाडच्या अलीकडे दासगाव लागते. येथे आमची मंडळी बहुधा झोपेत असतात, आणि याचे आम्हाला वाईट वाटते. कारण दासगाव हे साधे गाव नव्हे. मार्च १९२७ ची परिषद भरवण्यासाठी जिवाचे रान करणारे रामचंद्र बाबाजी मोरे हे दासगावचे. त्याच वर्षी डिसेंबरात दुसऱ्या परिषदेसाठी बाबासाहेब मुंबईहून प्रतिनिधींसह बोटीने हरिहरेश्वरला आले, तेथून खाडीमार्गे दासगाव बंदरात उतरले आणि मग मंडळी सुमारे पाच मैल चालत महाडला गेली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले ते याच वाटेने आलेल्या माणसांच्या साक्षीने.

समुद्रातली बोट दासगावपर्यंत येऊ शकत होती, या एका गोष्टीत महाडच्या पुराचे निम्मे कारण आहे. सावित्री उगम पावते महाबळेश्वरला आणि समुद्राला मिळते हरिहरेश्वर-बाणकोटजवळ. घाटावरून सुटलेले पाणी थोड्याच अंतरात सपाटीला येते. महाडला गांधारी तिला मिळते, पुढे दासगावच्या बाजूला काळ नदी मिळते. आणि खालून समुद्राची भरती खाडीतून वर चढते. वरून लोंढा, खालून भरती, अशी दोघांची गाठ पडली की मधल्या महाडातले पाणी जाणार कोठे? भरती उतरेपर्यंत ते शहरात आणि शेतात पसरते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास समुद्राला उधाण असते, तेव्हा हा तुंबारा अधिक मोठा. त्यातून नदीचे पात्र गाळाने भरले आहे. जेथे बोट लागत होती तेथे आता गाळाची बेटे दिसतात. रेल्वेच्या भरावामुळे पाणी अडते असेही दासगाव-महाडची माणसे सांगतात.

दासगावच्या मागे डोंगर आहे. २५ आणि २६ जुलै २००५ या दोन दिवसांत, म्हणजे मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्याच सुमारास, महाड तालुक्यात दासगाव, जुई, कोंडिवते आणि रोहन या गावांवर दरडी कोसळल्या. मिळून १९० च्या आसपास माणसे गेली. सारे लक्ष मुंबईच्या तुंबलेल्या रस्त्यांकडे होते. महाडात पूर असल्याने या गावांपर्यंत मदत पोहोचणेही कठीण झाले होते. नदीकाठ सोडून डोंगराकडे जावे तर डोंगर खचतो आणि डोंगर सोडून खाली यावे तर नदी, अशी या तालुक्याची कोंडी आहे. "वर जा" एवढे सांगून येथे भागत नाही. कोणत्या वर जायचे, हे उन्हाळ्यातच ठरवावे लागते.

आता २०२१ ची हकीगत. २२ ते २३ जुलैच्या २४ तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यावेळी आषाढी पौर्णिमा २४ जुलैला होती, म्हणजे समुद्राला उधाण येण्याचेच ते दिवस. महाड शहरात तळमजले बुडाले. दुकानदारांनी वरच्या फळीवर ठेवलेला मालही भिजला. आम्ही ऑगस्टमध्ये गेलो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाद्या, कपाटे, वह्या-पुस्तके, शिलाई यंत्रे यांचे ढीग होते, आणि सगळ्यावर एकच रंग होता, चिखलाचा.

ज्या वाडीत आम्ही मुक्काम केला, ती नदीच्या सखल अंगाला आहे. गावाने पूर्वी महारवाड्यासाठी ठेवलेली जागा गावाबाहेरचीच असायची, कोठे ओढ्याकाठची तर कोठे पाणी तुंबणाऱ्या बाजूची. पाणी जात विचारत नाही हे खरे धरले, तरी पाण्याच्या वाटेत कोणाला बसवायचे ते जातीनेच ठरवले होते. आज तेथे सिमेंटची घरे झाली, मुले शिकली, काहीजण मुंबई-पुण्यात नोकरीला आहेत. जागा मात्र तीच.

वाडीतल्या एका आजींनी त्या रात्रीची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "बाबा, पाणी दरसाल येतंय. पायरीपत्तूर येतंय नि जातंय. आमी म्हटलं, औंदाबी तसंच." दुपारी पायरीला लागलेले पाणी दिवेलागणीला उंबऱ्यावर आले. वीज गेलेली. मुलगा म्हणत होता, शाळेत जाऊ. आजी म्हणत होत्या, शेळ्या कोण बघेल, आणि घर उघडे टाकले तर चोर भांडी नेतील. सुनेला पोराचा ताप होता. असा वाद चालू असताना पाणी गुडघ्याला आले आणि बाहेरच्या वाटेवर त्याला ओढ लागली. मग बाहेर पडणेच अशक्य झाले. पाच माणसे आणि दोन शेळ्या रात्रभर माळ्यावर बसली. सकाळी शेजारच्या वाडीतल्या कोळी बांधवांनी होडी आणली म्हणून ती सगळी वाचली. दोन शेळ्या वाचल्या, सहा वाहून गेल्या. त्या गोठ्यात बांधलेल्या होत्या. दावे सोडले असते तर त्या पोहून कोठेतरी लागल्या असत्या, असे आजी आजही हळहळून सांगतात.

याच दिवशी, २२ जुलैला, याच महाड तालुक्यातील तळीये गावच्या वाडीवर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. महाडला पुराचा वेढा असल्यामुळे बचाव पथकांना तेथे पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. हे वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे. मोठी आपत्ती येते तेव्हा रस्ता, वीज आणि टेलिफोन सर्व एकाच वेळी जातात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा १९२८ सालचा सावित्रीवरचा दगडी पूल पुरात कोसळला आणि दोन एस.टी. गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. पुलाजवळच्या एका गॅरेजातील कामगाराने ते पाहून मागून येणारी वाहने अडवली. पोलीस, जवान नंतर आले. पहिला तास असतो तो शेजाऱ्याचा.

आजींच्या बोलण्यात आणखी एक गोष्ट होती. ती त्यांनी एकदम सांगितली नाही, रात्री जेवणानंतर सांगितली. वाडीपासून उंचावर गावातले देऊळ आहे, त्याचा मोठा सभामंडप आहे. गावच्या सरपंचांनी त्या दिवशी सर्वांना तेथे या असा निरोप दिला होता. निरोप चांगल्या मनाने दिलेला होता, यात शंका नाही. पण आजी म्हणाल्या, "आमी लहान व्हतो तवा तितं पाय ठेवाया मिळत न्हवता. आता पावसात भिजून, हात जोडून तितं जायाचं? मन होईना." त्यांच्या वयाची चार माणसे याच कारणाने बसून राहिली. मुलाला राग आला होता, आजही येतो. आम्हाला मात्र आजींवर रागावता आले नाही.

अशा संकोचाला अनुभवाचा आधार असतो. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली, तेव्हा तामिळनाडूत नागपट्टिनमच्या भागात निवारा केंद्रांत दलित कुटुंबांना वेगळे काढल्याच्या, पाणी आणि मदत नाकारल्याच्या तक्रारी झाल्या आणि त्यांची नोंदही झाली. मरण समोर असतानाही पंगत वेगळी मांडणारी माणसे या देशात आहेत. तेव्हा आजींना "काळ बदलला, जा बिनधास्त" असे नुसते सांगून चालणार नाही. त्यांना अशी जागा दाखवली पाहिजे की जेथे जाण्यासाठी कोणापुढे हात जोडावे लागत नाहीत.

आणि ती जागा दाखवायला महाडइतके योग्य गाव दुसरे नाही! ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. त्या ठरावाचे आपण नाव घेतो ते तळ्यासाठी. पण तो नुसत्या पाणवठ्यांचा ठराव नव्हता. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या धर्मशाळा, शाळा, दवाखाने, कचेऱ्या, ही सर्व अस्पृश्य वर्गाला खुली करावीत असे त्यात होते. महाड नगरपालिकेने १९२४ साली त्यास अनुसरून तळे खुले केल्याचा ठराव केला, परंतु तो कागदावर राहिला आणि म्हणून सत्याग्रह करावा लागला. पुढे मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. इतके सारे ज्या तत्त्वासाठी झाले ते तत्त्व हेच की सरकारी पैशाची जागा सर्वांची. जिल्हा परिषदेची शाळा आपली आहे. तेथे आपण आश्रित म्हणून जात नाही. पुराच्या दिवशी शाळेची खोली उघडून घेणे हा बाबासाहेबांनी महाडात मिळवून दिलेलाच हक्क बजावणे आहे. आमच्या या बोलण्यावर आजी गप्प राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "शाळंत जाईन. शाळा बाबांनीच दावली."

येथे एक गोष्ट सांगून ठेवतो. १९२७ च्या मार्चमध्ये तळ्यावरून परतलेल्या आपल्या प्रतिनिधींवर सनातन्यांनी लाठ्याकाठ्या घेऊन हल्ला केला, तेव्हा कित्येकांना मुसलमान बांधवांच्या घरांत आसरा मिळाला. डिसेंबरच्या परिषदेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. संकटात कोणाचे दार उघडते याची आठवण समाजाने जपावी, आणि आपले दारही तसेच उघडे ठेवावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गांधारपालेची लेणी पाहिली. महाडला येणाऱ्या आपल्या शंभरांतील नव्वद माणसांनी ती पाहिलेली नसतात. गोवा महामार्गाला अगदी लागून, पाले गावाच्या वर डोंगराच्या कुशीत सुमारे ३० बौद्ध लेणी कोरलेली आहेत. पायऱ्या चढून गेले की मोठा विहार लागतो, पुढे चैत्यगृहे, भिक्खूंच्या राहण्याच्या खोल्या आणि कातळात खोदलेल्या पाण्याच्या पोढी. तेथे दगडी बाकावर बसून खाली पाहिले की गांधारी, सावित्री, भातशेती आणि महाड शहर असे सगळे एका नजरेत येते. आमच्याबरोबर आलेला वाडीतला तरुण म्हणाला, २०२१ ला येथून पाहणाऱ्यांना खाली समुद्र दिसला होता. अठराशे वर्षांपूर्वीच्या भिक्खूंनी जागा कशी निवडली पाहा! माती नाही, अखंड कातळ आहे. नदीच्या वाटेपासून उंच आहे. पिण्याचे पाणी आत साठवलेले आहे. आणि वस्ती भिक्षेला जाण्याइतकी जवळ आहे.

ही लेणी म्हणजे वर्षावासाची जागा. आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने भिक्खूंनी एका ठिकाणी राहावे असा तथागतांनी नियम केला. आपल्या विहारांतून आजही या काळात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. वर्षावास मोडणे हा भिक्खूंकडून नियमभंग मानला जाई. पण विनयपिटकातील महावग्गात या नियमाला अपवाद सांगितले आहेत, आणि ते आपल्या कामाचे आहेत. हिंस्र पशूंचा किंवा चोरांचा उपद्रव झाला, निवासस्थान आगीत जळाले अथवा पाण्याने वाहून गेले, तर भिक्खूने तेथून निघून जावे. त्यात वर्षावास मोडल्याचा दोष नाही. आणि ज्या गावाच्या आधाराने तो राहतो ते गावच उठून गेले, तर त्याने गावामागे जावे. जीव वाचवण्यासाठी जागा सोडणे हा दोष नव्हे, हे अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवलेले आहे. आणि आपण घराच्या उंबऱ्याला चिकटून बसतो, ते भांड्यांसाठी.

हा मुद्दा आम्ही त्या रात्री विहारात मांडला, तेव्हा वाडीतले एक वृद्ध उपासक हसले. हे गृहस्थ गिरणीतून निवृत्त होऊन गावी आलेले, सर्वजण त्यांना दादा म्हणतात. ते म्हणाले, "साहेब, आम्ही २०२१ पासून तेच करतोय." आणि त्यांनी जे सांगितले ते आम्ही वहीत उतरवून घेतले. वर्षावासात विहारात रोज संध्याकाळी वाचन असते आणि वाडीतली निदान प्रत्येक घरची एक बाई तरी तेथे येते. म्हणून वाचनाआधी पाच मिनिटे पावसाची बातमी सांगायची असे ठरले आहे. हवामान खात्याचा लाल इशारा आहे का, त्या रात्री भरती किती वाजता, पौर्णिमा-अमावास्या जवळ आहे का आणि नदीची पातळी काय. महाडला सावित्रीची इशारा पातळी ६ मीटर आणि धोका पातळी साडेसहा मीटर धरतात. दादांचा हिशेब सरळ आहे. लाल इशारा असला आणि नदी इशारा पातळीला लागली, की म्हातारी माणसे, बाळंतिणी, आजारी आणि लहान मुले यांनी उजेड असतानाच शाळेत जायचे. पाणी पायरीला लागण्याची वाट पाहायची नाही. पाणी आले नाही तर दुसऱ्या दिवशी परत यायचे. फुकट गेलो म्हणून हसणारे भेटतात. हसू द्यावे.

कोणत्या म्हाताऱ्याला कोणता तरुण घेऊन जाणार हे नावानिशी ठरलेले आहे. यात मुंबईला असणाऱ्या मुलांवर भरवसा ठेवलेला नाही, हे आम्हाला विशेष वाटले. आपण मुंबईहून फोनवर फोन करतो, "आई, निघालीस का?" आणि टॉवर बंद पडल्यावर रडत बसतो. त्यापेक्षा पावसाळ्याआधी गावी जाऊन शेजारच्या पोराला हाताशी धरून ठेवावे.

निघताना वायरिंगचा मेन स्विच खाली करायचा, गॅसचा रेग्युलेटर बंद करायचा आणि सिलिंडर खांबाला बांधायचा, कारण रिकामे सिलिंडर पुरात तरंगत जाऊन कोठेही आदळते. गुरांची, शेळ्यांची दावी सोडायची. वाहत्या पाण्यात पाऊल घालायचे नाही. पाणी गुडघ्याखाली दिसले तरी ओढ असेल तर धडधाकट माणसाचाही पाय उचलला जातो, आणि गढूळ पाण्याखाली गटार उघडे असले तर दिसत नाही. पुलावरून पाणी जात असताना मोटारसायकल घालणारा बहाद्दर प्रत्येक गावात एक असतो. त्याची चावी काढून घ्यावी.

आता कागदांविषयी. आम्ही स्वतः कारकून, त्यामुळे या विषयावर आम्ही जरा अधिक बोलतो, वाचकांनी गोड मानून घ्यावे. २०२१ ला त्या वाडीत सर्वांत जास्त रडणे कशाचे ऐकले असेल तर ते पत्र्याच्या पेटीतल्या कागदांचे. रेशनकार्ड, आधार, पासबुक हे खेपा घालून पुन्हा मिळते. पण आपल्या मुलांच्या जातपडताळणीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा विचारतात. आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेच्या दाखल्याचा पिवळा पडलेला एक कागद, हीच कित्येक घरांची खरी इस्टेट आहे. तो भिजून लगदा झाला की मुलीचे इंजिनीअरिंग किंवा नर्सिंगचे ॲडमिशन अडते. म्हणून असे जुने दाखले, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले, जातीचे दाखले, घरपट्टीची पावती, सातबारा हे सर्व एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवी दोनदा बांधून, मे महिन्यातच दाराजवळच्या खुंटीला टांगावी. प्रत्येक कागदाची झेरॉक्स दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवावी आणि मोबाइलवर फोटो काढून मुंबईच्या भावाला पाठवावा. त्या पिशवीतच आजारी माणसाच्या गोळ्या, थोडी रोकड, टॉर्च आणि एक शिट्टी ठेवावी. शिट्टीला बायकांनी हसून घेतले, पण अंधारात माळ्यावरून ओरडून घसा बसतो, शिट्टीला तसे होत नाही.

डोंगराखाली राहणाऱ्यांनी पाण्याची पातळी पाहून उपयोग नाही, त्यांनी जमीन पाहावी. उतारावर नवी भेग पडली, झाडे-खांब कलले, जेथे कधी झरा नव्हता तेथे पाणी फुटले, ओहोळाचे पाणी एकाएकी गढूळ झाले किंवा भर पावसात आटले, दारे-खिडक्या चौकटीत अडकू लागल्या, डोंगरातून घरघर ऐकू आली, तर एक क्षण थांबू नये आणि ओहोळाच्या रेषेत पळू नये, बाजूला पळावे. सरकारी यादीत आपले गाव नाही म्हणूनही निश्चिंत राहू नये. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. आदिवासी बांधवांची ती वाडी धोक्याच्या गावांच्या यादीत नव्हती. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे सापडलीच नाहीत. आणि आपल्या मुंबईतले काय? १८ जुलै २०२१ च्या पहाटे चेंबूरच्या भारतनगरात भिंत कोसळून झोपेतली माणसे गेली. डोंगर-उतारावरच्या, संरक्षक भिंतीला टेकलेल्या झोपड्यांत आपलीच माणसे राहतात. त्यांनी भिंतीला पडलेली फूग, बंद झालेली पाण्याची भोके पावसाआधी पाहावीत, आणि अतिवृष्टीच्या रात्री तरी मुलांना भिंतीकडच्या बाजूला निजवू नये.

मदतीसाठी ११२, जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षासाठी १०७७ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८, हे क्रमांक वाडीच्या विहाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवले आहेत. बाबासाहेबांच्या तसबिरीच्या अगदी बाजूला. कोणी तरी आक्षेप घेतला होता म्हणे. दादांनी मानला नाही, आणि बरेच केले.

पूर ओसरल्यावर घरी परतण्याची घाई बायकांना फार. चूल पाहावीशी वाटते. पण भिंती ओल्या असतात, साप-विंचू कपाटात बसलेले असतात. आधी एका जाणत्या माणसाने काठी घेऊन घर पाहावे, वीज मिस्त्रीने पाहिल्याशिवाय मेन चालू करू नये. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकून होईपर्यंत पाणी उकळूनच प्यावे. चिखल काढताना पायाला जखम असेल तर गमबूट घालावेत, निदान जाड पिशव्या बांधाव्यात, कारण त्या चिखलातून लेप्टोचा ताप येतो. ताप, अंगदुखी, लाल डोळे अशी लक्षणे दिसताच सरकारी दवाखाना गाठावा, घरी क्रोसिन घेऊन बसू नये. आणि चिखल उपसण्याआधी घराचे फोटो काढून तलाठ्याचा पंचनामा करून घ्यावा. २०२१ ला काही घरांनी लाजेकाजेस्तव घर आधी चकचकीत केले. मग पंचनाम्याला आलेला माणूस म्हणाला, "येथे तर काही झालेलेच दिसत नाही!"

शेवटच्या दिवशी सकाळी दादांनी आम्हाला शाळेची वाट दाखवायला नेले. हमरस्त्याने गेले तर मध्ये मोरी लागते आणि ती पहिल्याच तासात बुडते, म्हणून त्यांनी आंब्याच्या बागेतून दुसरी वाट काढली आहे. बागेचे मालक गावातले मराठा गृहस्थ आहेत. कुंपणाला त्यांनी आपणहून फाटक बसवून दिले आणि त्याला कुलूप लावत नाहीत. आजी काठी टेकत आमच्याबरोबर चालल्या होत्या. दादांनी घड्याळ लावले होते. कोरड्या वाटेने, उजेडात, मध्ये एकदा दम खायला बसून, आजींना शाळेच्या व्हरांड्यात पोहोचायला एकोणीस मिनिटे लागली. दादांनी वहीत पुढे लिहिले, "पावसात चाळीस धरणे."